एक्केचाळिसाव्या मिनिटाचा हशा

१

सिनेमा सुरू करायला आता एक बटण दाबावं लागतं. बस्स. पूर्वी रिळं उचलून उचलून खांदे भरून यायचे, संध्याकाळी घरी गेलो की आडवा होताच घोरायला लागायचो. ते दमणं चांगलं होतं. आताचं दमणं बसल्या बसल्या येतं आणि झोपून उठलं तरी उशाशीच असतं. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, "व्यायाम करा." त्याला म्हटलं, "अहो, बटण दाबतो की."

वय चौपन्न, काम ऑपरेटरचं. आमच्या थिएटरात मुलांच्या सिनेमाचे दोन खेळ माझ्याकडे, बाराचा आणि तीनचा. केबिन वरच्या मजल्यावर, अठ्ठावीस पायऱ्या. हॉलच्या बाजूच्या भिंतीत वहीच्या पानाएवढ्या तीन खिडक्या. उजवीकडच्या खिडकीतून मशीनचा झोत जातो. मधली माझ्या डोळ्यांसाठी. डावीकडची तिसरी खिडकी जुन्या दुसऱ्या मशीनची. ते मशीन बंद पडून बारा वर्षं झाली, पण अठ्ठावीस पायऱ्या ते खाली न्यायचं कुणी, म्हणून आहे तिथंच राहिलं. त्यावर करड्या कापडाचा बुरखा आहे, आणि त्याच्या खिडकीवर लोखंडी झडप. झडपेवरून भिंतीचा रंग दोनदा फिरलेला.

सध्या साळिंदरांचा सिनेमा चालू होता. आई, बाबा, आजी आणि पाच पिल्लं घर बदलायला निघतात, एवढीच गोष्ट. धाकट्या पिल्लाला कुणाच्या तरी मांडीवर झोपायचं असतं आणि काट्यांपायी कुणी घेत नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः दोनदा हसलो, एकदा डोळे पुसले. तिसऱ्या आठवड्यात मला त्या आजीचा खोकलासुद्धा पाठ झाला होता.

आता आमच्या कामातली एक गोम सांगतो, ती ध्यानात ठेवा. पोरं हसली की पुढचं वाक्य हशाखाली चिरडतं. म्हणून हशा येण्याच्या जरासं आधी आवाजाचं चाक साडेपाचावरून सहावर न्यायचं, हशा ओसरला की परत साडेपाचावर. चाक फिरताना कट् असा बारीक आवाज येतो. नवा सिनेमा आला की पहिल्याच दिवशी मी पॉपकॉर्नच्या खोक्याचा पुठ्ठा घेतो आणि हशाच्या जागा मिनिटांनिशी लिहून काढतो. साळिंदरांचे बावीस हशे होते. सगळ्या शहरात असा पुठ्ठा ठेवणारा मी एकटाच असेन. याचं बक्षीस म्हणून मला आजवर काहीही मिळालेलं नाही.

२

मंगळवारी तीनच्या खेळाला एक्केचाळिसाव्या मिनिटाला पोरं हसली.

पुठ्ठ्यावर एक्केचाळीस नव्हतं. तिथं हसण्यासारखं काहीच नाही हो! सामान गाडीत गेलेलं असतं, आणि रिकामी खोली दिसते. भिंतीवर जिथं फोटो होते तिथं फिकट चौकोन. संगीत थांबतं. सगळं मिळून अकरा सेकंद. पहिल्या आठवड्यात या जागी मुसमुसणं ऐकू यायचं.

वाटलं, कुणीतरी खुर्चीतून पडलं असेल. किंवा कुणी पादलं असेल. पोरांना दुसरं काय लागतं?

बुधवारी बाराला परत. तीनला परत. आणि हे हसणं निराळं होतं. विनोदाचं हसणं फुटतं, सांडतं, कुणाचं आधी तर कुणाचं मागाहून. हे मात्र एकदम सुरू झालं आणि एकदम थांबलं. कुणी पाळण्यातल्या बाळासमोर तोंड वेडंवाकडं केलं की ते जसं खुदकन हसतं, तसं. फक्त शंभर पोरांचं मिळून.

मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

३

त्याच दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. मेहुणे जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. घरी ती आणि तिची सहा वर्षांची पोर. पोरीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण गोड दिसलं की ती तिथं असायचीच. मुंगी दोन महिन्यांपूर्वी तापानं फणफणली. तीन आठवडे इस्पितळात काढले. ताप उतरला, केस गळाले ते परत यायला लागले, तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. पण पोर हसेना. रडत नाही, हट्ट करत नाही, दिलं ते खाते आणि भिंतीकडे बघत बसते. डॉक्टर म्हणाले, शरीर बरं आहे, हसली की समजा सगळीच बरी झाली. तेव्हापासून माझी बहीण तिच्या तोंडाकडे बघत जगत होती.

"दादा, रविवारी बाराच्या खेळाला आणते तिला. शेजारची पोरं म्हणतात, फार हसवतो म्हणे तो सिनेमा."

"आण की. दोन खुर्च्या ठेवायला सांगतो."

"तिला म्हटलं, मामाच्या थिएटरात जायचं. तर बोलली, दादा! आठ दिवसांनी बोलली. म्हणाली, भागीदार असेल का?"

आता हा भागीदार म्हणजे माझी थाप. मी थापा मारतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. लग्नाकार्यात माझ्या शेजारी मुद्दाम पोरं आणून बसवतात. मुंगी चार वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, पडद्यावरची चित्रं कोण हलवतं? मी म्हटलं, माझा भागीदार. तो डावीकडच्या खिडकीशी उभा असतो आणि बोटांनी हलवतो. करडा डगला घालतो. बसत नाही, कारण केबिनमध्ये खुर्ची एकच, आणि तिच्यावर मी. दर खेपेला ती नवीन विचारायची, मी नवीन जोडायचो. तो दमत नाही का? नाही. दमायचं काम माझ्याकडे, म्हणून तर आमची भागीदारी. त्याचं तोंड कसं आहे? कुणी पाहिलंच नाही. पाठमोरा असतो ना सदा, तोंड खिडकीकडे. मग खालच्या पोरांना दिसत असेल, ती म्हणाली होती. मी म्हटलं, नाही, मध्ये झडप आहे.

फोन ठेवल्यावर मी जरा वेळ त्या बुरख्याकडे बघत बसलो. बुरखा करडा होता. थापा मारताना माणूस समोर दिसेल तेच उचलतो, त्यात विशेष काही नाही.

४

दाराशी टॉर्च घेऊन उभ्या असतात त्या बाईंना गुरुवारी विचारलं, "बाई, खाली मध्येच कसला हशा होतो हो?"

"मला वाटलं तुम्हीच काहीतरी माकडचाळे करता."

"मी?"

"मग सगळी पोरं वळून तुमच्याकडे का बघतात? मी एकदा बघायला गेले तर तुमची मधली खिडकी, त्यात तुमचं हे असं पडलेलं थोबाड. म्हटलं, यात हसण्यासारखं काय! मोठी माणसं वळत नाहीत. अर्धी मोबाइलात असतात, अर्धी झोपलेली."

तीनच्या खेळाला मी मधल्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. वरून हॉल बघायची सवय असली की डोकी म्हणजे नुसते काळे ठिपके असतात. रिकामी खोली आली. संगीत थांबलं. आणि ते काळे ठिपके एकदम फिकट झाले.

पाठीमागून डोकं काळं दिसतं. फिकट दिसतो तो चेहरा.

शंभर चेहरे वर बघत होते. मी घाईनं खाली वाकलो, कपाळ खिडकीखालच्या भिंतीवर आपटलं. म्हणजे आता मी कुणाला दिसत नव्हतो. तरी हशा आलाच. अकरा सेकंद आला, आणि थांबला.

नंतर पुष्कळ विचार केला. पोरांचं एक वेड असतं, एकानं केलं की सगळी करतात. पण मंगळवारची पोरं निराळी, गुरुवारची निराळी, त्यांना कोण शिकवणार? शुक्रवारी मी काचेच्या एका कडेला उभा राहून पाहिलं, न वाकता. चेहरे वर होते, पण नजरा माझ्याकडे नव्हत्या. माझ्या डावीकडे होत्या. कुणी तुमच्या शेजारच्या माणसाशी बोलत असलं की कसं लगेच कळतं, तसं कळलं.

खेळ संपल्यावर झडपेशी गेलो. रंगाचा थर कडेनं सलग होता, नखानं खरवडला तरी कुठं भेग नाही. बोटानं वाजवली. वाजवायला नको होती. आतून काही आलं नाही. पण आवाज भरीव आला, पलीकडून कुणी तळवा टेकवून धरावा तसा.

पलीकडे हॉलची उघडी हवा. तिथं उभं राहायला फरशीसुद्धा नाही.

५

शनिवारी सकाळी बहिणीला फोन केला. "उद्या नको आणूस तिला."

"का?"

मी सगळं सांगितलं. झडप, पुठ्ठा, फिकट ठिपके.

"दादा," ती म्हणाली, "मागं तू मला सांगितलंस, तुझ्या केबिनमध्ये घुबडानं अंडं घातलं आणि ते सिनेमाच्या उजेडावर उबलं. मी कॉलेजात असताना तू माझ्या मैत्रिणींना सांगितलंस की मला झोपेत परकी भाषा बोलता येते. मी सगळं ऐकून घेतलं. पण आज नको रे. मी फार दमलेय."

"आई शप्पथ, खरं सांगतोय."

"घुबडाच्या वेळीही शप्पथच घातली होतीस."

मग मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, साळिंदरं उतरवा आणि दुसरं काहीही लावा. तो म्हणाला, "का? खेळ भरून जातोय."

"पोरं हसतात."

"म्हणजे पोरांच्या सिनेमाला पोरं हसतात, अशी तुमची तक्रार आहे?" त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मामा, तुम्ही दोन दिवस रजा घ्या. चेहरा बघा जरा आरशात."

रजा! माझ्या जागी करणार कोण, म्हणणार होतो. पण म्हटलं नाही. त्याचं उत्तर कुठूनतरी भलतीकडून येईल, असं वाटलं.

६

तरी मी एक शक्कल लढवली. शेवटची रांग केबिनच्या बरोबर खाली येते. तिथून मान वळवली तर नुसती भिंत दिसते, खिडक्या नाहीत. टॉर्चवाल्या बाईंना सांगून दोन खुर्च्या तिथं ठेवल्या. दुसरी गोष्ट, चाळिसाव्या मिनिटाला सिनेमाच थांबवायचा. बिघाड म्हणून दिवे लावायचे आणि रिकामी खोली गाळून पुढून चालू करायचा. बटणच तर दाबायचं होतं.

रविवारी बारा वाजता मुंगीची पिवळी लोकरी टोपी आत येताना दिसली. तिचं बोट धरून बहीण. दहाव्या मिनिटाला टोपी उठली आणि पाचव्या रांगेत जाऊन बसली. साहजिकच होतं, एवढ्याशा पोरीला मागून काय दिसणार? मला सुचलंच नाही.

मी पुठ्ठा समोर घेऊन बसलो. बाराव्या मिनिटाला बाबा साळिंदर फुग्यावर बसतात, तेव्हा सगळा हॉल उसळला. टोपी हलली नाही. चौदाव्याला आजीच्या पाठीत अख्खा दिवाणखाना अडकला, टोपी हलली नाही. एकोणीस, तेवीस, सव्वीस, एकतीस, अशा अकरा जागा गेल्या. मी चाक सहावर नेत होतो, साडेपाचावर आणत होतो, आणि शंभर उड्या मारणाऱ्या डोक्यांत ते एक पिवळं बोंड थिजल्यासारखं बसलं होतं. शेजारी माझी बहीण. ती पडद्याकडे बघतच नव्हती. पोरीच्या तोंडाकडे बघत होती, सबंध वेळ.

चाळिसावं मिनिट लागलं. मी बटणावर बोट ठेवलं.

दाबायचं की. एवढंच काम माझं! पण एक विचार आला आणि बोट जड झालं. बावीस हशांतले अर्धे होऊन गेले, आणि पोर हसली नाही. राहिलेल्या अर्ध्यांना हसेल, असं काही दिसत नव्हतं. शंभरातलं झाडून सगळं पोर ज्याला हसतं, असा एकच हशा या सिनेमात होता.

मी बोट उचललं आणि उठून मधल्या खिडकीची चौकट धरली.

रिकामी खोली आली. संगीत थांबलं. माझ्यामागं कापड सरकल्याचा आवाज झाला, अंथरुणावरची चादर ओढून घ्यावी तसा. ठिपके फिकट झाले. पिवळ्या टोपीखालीही एक फिकट ठिपका आला, डावीकडे वर बघणारा.

आणि मुंगी हसली.

तिचं हसणं मी हजारांत ओळखेन, उचकी लागल्यासारखं आत खेचत हसते ती. दोन महिन्यांनी! बहिणीनं तोंडावर हात घेतलेला मला दिसला. मीही रडलो असतो, पण तेवढ्यात माझ्या डाव्या हाताशी कट् असा आवाज झाला.

मी पाहिलं. माझे दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर होते. चाक सहावर होतं.

अकरा सेकंदांनी हशा ओसरला. कट्. साडेपाच.

मी वळलो नाही. खेळ संपेपर्यंत चौकट धरून उभाच होतो. पुढच्या सगळ्या हशांना चाक वेळेवर फिरलं, माझ्यापेक्षा वेळेवर. दिवे लागल्यावर बघितलं, तेव्हा दुसरं मशीन उघडं होतं आणि बुरखा घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवलेला होता.

७

पायऱ्या उतरून खाली आलो, तर बहीण बाकावर बसून डोळे पुसत हसत होती. मुंगी माझ्याकडे धावत आली.

"मामा, तू खोटारडा आहेस!"

"ते खरंय. आता काय झालं?"

"तू म्हणालास, त्याचं तोंड कुणाला दिसत नाही. दिसतं!"

"कसं आहे?" बहिणीनं कौतुकानं विचारलं. पोर बोलतेय, एवढंच तिला पुरेसं होतं.

मुंगीनं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. "मामासारखंच. पण दमलेलं नाही."

"वा," बहीण म्हणाली. "मग असा मामा मला पण आण एक." आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, दादा, आभार. घुबडासकट सगळं माफ केलं तिनं मला त्या क्षणी.

मी बाकावर टेकलो. तीन कधी वाजले कळलं नाही. दारामागून साळिंदरांचं सुरुवातीचं संगीत ऐकू आलं. टॉर्चवाल्या बाई दार लोटून घेत म्हणाल्या, "आज अगदी ठोक्याला सुरू केलंत हो ऑपरेटर..." मग मी बाकावर दिसलो आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मला धावत वर जायला हवं होतं. अठ्ठावीस पायऱ्या. मी त्या पायऱ्यांकडे बघितलं. केबिनची किल्ली माझ्या खिशात होती. आणि खरं सांगू? मला उठवेना.

८

साळिंदरं उतरली, दुसरा सिनेमा लागला. मी रोज येतो, खाली बाकावर बसतो. खेळ वेळेवर लागतात, आवाज नीट असतो, मॅनेजर खूश आहे. बाई माझ्याशी बोलत नाहीत. किल्ली अजून माझ्याच खिशात.

मुंगी शाळेत जायला लागली. घरात आता गोड काही टिकत नाही. फक्त तिला एक खोड लागली आहे. भेटली की आधी मामा म्हणत नाही. जवळ येते, माझ्या डोळ्याखालची कातडी बोटानं खाली ओढते, आणि डॉक्टरासारखी नीट तपासते. पिशव्या दिसल्या, लाली दिसली, की मग, "हां. मामा!" आणि गळ्यात पडते. बहिणीला हे फार गोड वाटतं. मलाही वाटायचं.

काल मात्र बाक सोडून दुपारी बहिणीकडे जेवलो आणि पंख्याखाली जरा लवंडलो. बाकावर बसून दिवस काढतो, दमणार कशानं? अशी झोप लागली, की किती वर्षांत लागली नसेल. जागा झालो तेव्हा खांदे हलके, डोळे स्वच्छ, उशाशी काही नाही. शीळ घालत चहा टाकला.

मुंगी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी खाली वाकलो. तिनं बोट लावून एक डोळा ओढला. मग दुसरा ओढला. बराच वेळ बघत राहिली.

मामा म्हणाली नाही.

दोन पावलं मागं सरकली, वर बघितलं, आणि हसली. एकदम सुरू झालं हसणं, उचकीसारखं आत खेचलेलं. मी मनात आकडे मोजले. अकराला एकदम थांबलं.

मी मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.